ट्रिप नेमका कधी झाला, ते आधी विचारा

मरोळ एमआयडीसीतला कॉम्प्रेसर, लोअर परळच्या टॉवरमधले पाण्याचे पंप, एसी प्लान्टचे पंखे, रबाळ्यातलं प्लास्टिकचं एक्स्ट्रूडर. अशा कित्येक मोटारी आता थेट लाइनवर चालत नाहीत. मध्ये एक पेटी असते, व्हीएफडी किंवा ड्राइव्ह, जी फ्रिक्वेन्सी बदलून मोटारीचा वेग ठरवते. आताच्या लोकलच्या मोटारीही अशाच इन्व्हर्टरवर चालतात, फक्त त्यांचा आकार फार मोठा. ही पेटी बंद पडली की पडद्यावर ओव्हरकरंट, ओव्हरव्होल्टेज, अर्थ फॉल्ट (वीज जमिनीकडे गळणं) असं काहीतरी येतं, आणि धावपळ चुकीच्या दिशेला सुरू होते. ओव्हरकरंट दिसला की मोटार रिवाइंडिंगला जाते. ती परत येते, जोडली जाते, आणि ड्राइव्ह पुन्हा ट्रिप होतो, म्हणजे स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो.

पडद्यावरचा कोड म्हणजे ड्राइव्हच्या सेन्सरला त्या क्षणी काय दिसलं त्याची नोंद. दोष कुठे आहे हे तो सांगत नाही. त्यामुळे ऑपरेटरला पहिला प्रश्न विचारायचा तो वेळेचा: सप्लाय देताच ट्रिप झाला, स्टार्ट दाबल्यावर, अर्धा तास चालल्यावर, की थांबवताना? या एका उत्तराने निम्मा शोध संपतो.

त्यासाठी पेटीच्या आत काय चालतं ते पाहू. ४१५ व्होल्टचा थ्री-फेज सप्लाय आधी डायोडच्या रेक्टिफायरमधून जातो आणि त्याचा एकाच दिशेने वाहणारा डीसी होतो. ४१५ ला १.४१ ने गुणलं की साधारण ५८५ व्होल्ट येतात. भार नसताना डीसी बसवर, म्हणजे हा डीसी वाहून नेणाऱ्या प्लस-मायनसच्या जोडीवर, एवढं व्होल्टेज दिसायला हवं. ते साठवतात मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. पुढे सहा आयजीबीटी, म्हणजे अतिवेगवान इलेक्ट्रॉनिक स्विच, हे डीसी सेकंदाला हजारो वेळा तोडून मोटारीला हव्या त्या फ्रिक्वेन्सीचा एसी देतात. डीसी बस ही इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीसारखी समजा: एकीकडून भरते, दुसरीकडून उपसली जाते. पातळी खाली गेली तर अंडरव्होल्टेज, वर चढली तर ओव्हरव्होल्टेज. ४१५ व्होल्टच्या वर्गातले बहुतेक ड्राइव्ह ८०० व्होल्टच्या आसपास स्वतःला बंद करतात. बसचं व्होल्टेज पडद्यावरच्या मॉनिटर मेनूत दिसतं. प्रत्येक तक्रारीत ते आधी पाहावं.

थांबवताना ओव्हरव्होल्टेज येत असेल तर ड्राइव्ह बहुधा निर्दोष असतो. जड पंखा किंवा सेंट्रिफ्यूज झटकन थांबवायला सांगितलं की मोटार जनरेटर होते आणि फिरत्या वजनातली ऊर्जा उलटी येऊन बस चढते. मंदावण्याचा वेळ ५ सेकंदांवरून २० वर नेऊन पाहा. प्रक्रियेला तेवढा वेळ परवडत नसेल तर ही ऊर्जा उष्णतेत जाळणारा ब्रेकिंग रेझिस्टर लागतो. तो आधीच बसवलेला असेल तर सप्लाय बंद करून, बस रिकामी झाल्यावर त्याचा ओहम मोजा. आतली तार तुटलेली सापडणं नवीन नाही. हाच कोड चालू मशीनवर, वेळी-अवेळी येत असेल तर मात्र सबस्टेशनकडे बघा. पॉवर फॅक्टर सुधारणारी कपॅसिटर बँक जोडली जाते त्या क्षणी लाइनवर उसळी येते. ड्राइव्हच्या ट्रिपची वेळ आणि ही बँक आपोआप जोडणाऱ्या एपीएफसी पॅनलच्या स्विचिंगची वेळ ताडून पाहिली की उलगडा होतो. उपाय म्हणजे ड्राइव्हच्या इनपुटला ३ ते ५ टक्क्यांचा लाइन चोक, म्हणजे उसळी दाबणारी कॉइल.

स्टार्ट दिल्यावर अंडरव्होल्टेज येतो, पण नुसता उभा असताना बसवर ५८५ व्होल्ट व्यवस्थित दिसतात, ही तक्रार हमखास चुकीची वाचली जाते. सगळे सप्लायला दोष देतात. सप्लाय देताना रिकामे कपॅसिटर एकदम प्रचंड करंट ओढतील म्हणून सुरुवातीला एक रेझिस्टर मध्ये असतो. बस भरली की एक रिले किंवा छोटा कॉन्टॅक्टर त्याला बाजूला करतो. त्या कॉन्टॅक्टरचे पॉइंट जळले असतील तर मोटारीचा सगळा भार त्या रेझिस्टरमधून जातो आणि बस कोसळते. सप्लाय दिल्यावर काही क्षणांत येणारा ‘टक्’ आवाज ऐकू आला नाही तर संशय इथेच घ्या. लहान ड्राइव्हमध्ये हा रिले काही शे रुपयांचा असतो आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळू शकतो; कॉइलचं व्होल्टेज आणि पॉइंटचे अँपिअर मात्र तंतोतंत जुळायला हवेत.

ओव्हरकरंटसाठी सप्लाय बंद करून आधी शाफ्ट हाताने फिरवून बघा. बेअरिंग जाम, पंपात अडकलेली चिंधी, होइस्टचा न सुटलेला ब्रेक यांना मल्टिमीटर लागत नाही. त्यानंतर यू, व्ही, डब्ल्यू या आउटपुट टर्मिनलवरच्या मोटारीच्या तारा काढून ड्राइव्ह साध्या व्ही-बाय-एफ (व्होल्टेज फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात) मोडमध्ये चालवा. (मोटारीच्या करंटवर नियंत्रण ठेवणाऱ्या व्हेक्टर मोडमध्ये किंवा आउटपुट फेज लॉसचं संरक्षण चालू असताना मोटारीशिवाय वेगळाच फॉल्ट येईल आणि गोंधळ वाढेल.) तरीही ओव्हरकरंट आला तर दोष पेटीत आहे: आयजीबीटी, त्याला चालू-बंदचा इशारा देणारा गेट ड्रायव्हर किंवा करंट सेन्सर. सप्लाय आहे पण स्टार्ट दिलेला नाही, अशा ड्राइव्हच्या पडद्यावर शून्याऐवजी काही अँपिअर दिसत असतील तर सेन्सर संशयित. मोटारीशिवाय पेटी सुरळीत चालली तर केबल आणि मोटार तपासा. तिथेही काही सापडलं नाही तर वेग घेण्याचा वेळ फार कमी ठेवला आहे का, टॉर्क बूस्ट (कमी वेगाला दिलेलं जादा व्होल्टेज) कुणी वाढवून ठेवला आहे का आणि मोटारीच्या नेमप्लेटचे आकडे बरोबर भरलेत का, ते पाहावं.

पेटी उघडण्याआधीची एक गोष्ट कधीही टाळू नये. सप्लाय तोडल्यावरही कपॅसिटरमध्ये जीव घेईल एवढी वीज उरते. ड्राइव्हवर लिहिलेला वेळ थांबा, लहान पेटीला साधारण ५ मिनिटं, मोठ्याला १५. मग डीसी प्लस-मायनसवर मीटर लावून ५० व्होल्टच्या खाली आल्याची खात्री करा. विझलेल्या लाल दिव्यावर विसंबू नका. दिवाच बिघडलेला असू शकतो, आणि डिस्चार्ज रेझिस्टर तुटला असेल तर बस तासन् तास भरलेली राहते.

मग मल्टिमीटर डायोड रेंजवर. लाल टोक डीसी मायनसवर, काळं एकेक करून यू, व्ही, डब्ल्यूवर: तिन्ही ठिकाणी सारखंच, ०.३ ते ०.५ च्या आसपास वाचन यावं. मग काळं टोक डीसी प्लसवर आणि लाल तिन्ही आउटपुटवर, तेच. टोकं उलटी केली की मीटरने मार्ग नाही असं दाखवायला हवं. शून्य आलं तर तो आयजीबीटी शॉर्ट आहे. आर, एस, टी या इनपुट टर्मिनलवर हीच चाचणी रेक्टिफायरची. शॉर्ट झालेलं मॉड्यूल बदलताना त्याचा गेट ड्रायव्हर आणि गेट रेझिस्टर तपासल्याशिवाय सप्लाय देऊ नये, नाहीतर नवं महागडं मॉड्यूल पहिल्याच सेकंदाला जातं.

आता मुंबईची खरी डोकेदुखी, ओलावा. जुलैत सोमवारी सकाळी अर्थ फॉल्ट येतो आणि दुपारी आपोआप जातो, या तक्रारीचं कारण रविवारची सुट्टी असू शकतं. मशीन थंड झालं, हवा दमट, वाइंडिंगवर आणि टर्मिनल बॉक्समध्ये पाणी सुटलं. मोटारीच्या तारा ड्राइव्हपासून पूर्ण सोडवून ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजणारं यंत्र) लावा. ४१५ व्होल्टच्या मोटारीला किमान ५ मेगाओहम हवेत. निरोगी मोटार शेकड्यांत दाखवते. ड्राइव्ह जोडलेला ठेवून मेगर मारला तर आयजीबीटी जातील.

समुद्राकडच्या हवेतलं मीठ आणि कारखान्यातली धूळ कार्डवर बसते. कोरडी असताना ती निरुपद्रवी वाटते, पण ओलावा मिळताच वीज वाहू लागते, आणि मग कुठलाही अर्थ न लागणारे फॉल्ट येतात. कार्ड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने साफ करावं. कॉम्प्रेसरच्या लाइनची हवा मारू नये, त्या हवेत पाणी आणि तेल असतं. पॅनलमध्ये ५० ते १०० वॉटचा स्पेस हीटर, खालून येणाऱ्या केबलना घट्ट ग्लँड (केबलभोवतीची सील) आणि मशीन बंद असतानाही हीटरचा सप्लाय चालू, एवढं केलं तर पावसाळा निभावतो. सोसायट्यांच्या तळघरातल्या पंपरूममध्ये तर पॅनल जमिनीपासून जेवढं वर नेता येईल तेवढं न्यावं.

उष्णतेचं गणित सोपं आहे आणि तरी दुर्लक्षित. २२ किलोवॉटचा ड्राइव्ह पूर्ण भारावर सहाशे-सातशे वॉट उष्णता टाकतो. पत्र्याच्या शेडमधल्या, दारावरची जाळी धुळीने बुजलेल्या पॅनलमध्ये ती जाणार कुठे? अर्ध्या तासाने येणारा ओव्हरहीट बहुतेक वेळा पंखा आणि जाळीपाशीच सुटतो. कपॅसिटरचं आयुष्य तापमान १० अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं. डोकं फुगलेला किंवा छापील मूल्याच्या ८० टक्क्यांखाली गेलेला कपॅसिटर बदलावा.

दुरुस्त केलेला ड्राइव्ह थेट लाइनवर टाकू नये. तिन्ही फेजमध्ये २३० व्होल्ट, १०० वॉटचा एकेक जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावा. एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाले किंवा विझले तर बस नीट भरली. झगझगीत पेटत राहिले तर आत अजून शॉर्ट आहे, पण बल्बने करंट अडवल्यामुळे नवं काही जळत नाही. वर्षाहून जास्त काळ गोदामात पडलेल्या ड्राइव्हचे कपॅसिटरही असेच, शक्यतो व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या व्हेरिअ‍ॅकने, हळूहळू व्होल्टेज चढवत जागे करावे लागतात. मग बल्ब काढून मोटारीशिवाय, नंतर मोटार जोडून पण भाराशिवाय, आणि शेवटी भारावर चालवा. तिन्ही आउटपुटचा करंट क्लॅम्प मीटरने मोजा. आउटपुटचं व्होल्टेज साध्या मल्टिमीटरवर चुकीचं दिसतं, पण तीन फेजचे करंट एकमेकांशी जुळतात का, ते समजतं. एक फेज बाकीच्या दोघांपेक्षा ठळक वेगळा असेल तर भार वाढवू नका, पुन्हा त्या फेजच्या टर्मिनलचे स्क्रू आणि लग (तारेच्या टोकाला दाबलेला धातूचा तुकडा) तपासा.