मोठा हँडहेल्ड घ्यावा का? आधी खोलीचं तापमान बघा

हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून खेळायचा गेम कन्सोल, घ्यायला गेलं की दुकानदार पडद्याचे इंच सांगतो, स्टोरेज सांगतो, रंग दाखवतो. एक आकडा मात्र कुणीच सांगत नाही. तो आहे ३५. आपला स्विच हा हँडहेल्ड ५ ते ३५ अंश सेल्सिअसमध्येच वापरा, असं निन्टेंडो ही कंपनी म्हणते. २०२२च्या जुलैत युरोपात उष्णतेची लाट आली, तेव्हा स्टीम डेक हा हँडहेल्ड बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीनेही ० ते ३५ अंश हीच मर्यादा सांगितली होती.

परभणी, नांदेड, बीडकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२च्या वर जातो, यात आता बातमी म्हणण्यासारखं काही उरलेलं नाही. त्यातही पेपरात येतो तो आकडा सावलीतल्या, झडपांच्या हवेशीर पेटीत ठेवलेल्या तापमापकाचा. माळवदाच्या घरात एक वेळ बरं असतं, पण वरच्या मजल्यावरची पत्र्याची खोली दुपारी चारला त्या आकड्याच्याही पुढे गेलेली असते. म्हणजे कंपनीने ज्या हवेचा विचार करून यंत्र बनवलं, तिच्यापेक्षा सात ते दहा अंश गरम हवेत ते आपण चालवणार. त्यामुळे मोठा हँडहेल्ड घ्यावा का, या प्रश्नाचं मराठवाड्यातलं उत्तर जरा वेगळं निघतं: घ्यावा, पण मोठेपण बॅटरीत आणि पंख्यात असलं पाहिजे. नुसता पडदाच मोठा असेल तर पैसे आणि मनगट दोन्ही दुखतात.

पडद्याचं आधी उरकून घेऊ. इंच मोजतात ते कर्णावर, आणि क्षेत्रफळ वाढतं कर्णाच्या वर्गाने. पहिल्या स्टीम डेकचा पडदा ७ इंचाचा, लेनोवोच्या लिजन गोचा ८.८ इंचाचा. फरक दोन इंचांपेक्षा कमी, पण क्षेत्रफळ जवळपास ५८ टक्के जास्त. चाळिशी लागलेल्यांना आणि बारीक अक्षरांचे खेळ खेळणाऱ्यांना हा फरक लगेच जाणवतो, तो खराच आहे. पिक्सेलचं मात्र तसं नाही. डेकवर १२८० गुणिले ८००, लिजन गोवर २५६० गुणिले १६००, म्हणजे बरोब्बर चौपट पिक्सेल. निरोगी डोळा साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, इतका बारीक फरक ओळखतो. पडदा डोळ्यांपासून ४० सेंटिमीटरवर धरला तर एक कला म्हणजे ०.११६ मिलिमीटर. डेकचा एक पिक्सेल ०.११८ मिलिमीटरचा आहे, म्हणजे डोळ्याच्या मर्यादेला आधीच टेकलेला. लिजन गोचा ०.०७४ मिलिमीटरचा. तो बारीकपणा त्या अंतरावरून बहुतेकांना दिसतच नाही, पण चिपला मात्र प्रत्येक चित्रात चौपट ठिपके रंगवावे लागतात, आणि त्या कामाची उष्णता होते. लिजन गो घेतलाच तर खेळाचं रिझोल्यूशन १२८० गुणिले ८०० वर ठेवा. प्रत्येक ठिपका बरोबर दोन-बाय-दोनच्या चौकटीत बसतो, त्यामुळे चित्र फारसं धुरकट होत नाही.

आता मुख्य गोष्ट, उष्णता. बॅटरीतून निघालेला जवळपास प्रत्येक वॅट शेवटी उष्णताच होतो. पडद्याचा थोडासा प्रकाश आणि स्पीकरचा आवाज सोडला तर हे यंत्र म्हणजे २०-३० वॅटची शेगडीच. ती उष्णता नखाएवढ्या चिपमध्ये जन्मते आणि तिला बाहेर पडायला एकच वाट असते: चिप, तिच्यावरची थर्मल पेस्ट, मग तांब्याची चपटी नळी, नळीच्या टोकाला पातळ पत्र्यांची जाळी, आणि जाळीतून हवा ढकलणारा पंखा.

या तांब्याच्या नळीला हीट पाइप म्हणतात. ती भरीव नसते. आत हवा काढून घेऊन थोडंसं पाणी ठेवलेलं असतं. दाब कमी असल्याने ते पाणी १०० अंशांची वाट न बघता चिपच्या बाजूला वाफ होतं. वाफ नळीतून थंड टोकाकडे धावते, जाळीपाशी पुन्हा पाणी होते आणि पोटातली उष्णता तिथे सोडते. नळीच्या आतल्या भिंतीला तांब्याच्या कणांचा सच्छिद्र थर असतो. त्यातून ते पाणी वातीत तेल चढावं तसं चिपकडे परत येतं. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,३०० ज्यूल लागतात. म्हणजे १५ वॅटची चिप थंड ठेवायला सेकंदाला अवघं साडेसहा मिलिग्रॅम पाणी फिरलं तरी पुरतं. इतक्या थेंबभर पाण्यावर हे सगळं चालतं.

पाणी माठातही वाफच होतं, मग माठ ४२ अंशांत पाणी गार करतो आणि ही नळी का करत नाही? कारण माठाची वाफ कोरड्या हवेत निघून जाते आणि उष्णता कायमची घेऊन जाते. नळीतली वाफ बंदिस्त. ती उष्णता फक्त एका टोकाहून दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवते. तिथून पुढे ती घ्यायची ती खोलीतल्या हवेनेच. त्यामुळे चिप कधीही खोलीच्या खाली जाऊ शकत नाही. ती नेहमी खोलीच्या वर काही अंश राहणार. किती वर, ते एका साध्या गुणाकारावर ठरतं.

चिपचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान, अधिक वॅट गुणिले उष्णतारोध. प्रत्येक वॅटमागे चिप किती अंश चढते, तो उष्णतारोध. समजा लहान यंत्राचा रोध ३.५ आहे आणि चिप १५ वॅट घेते. २५ अंशांच्या खोलीत चिप ७७.५ अंशांवर. पत्र्याखालच्या ४५ अंशांच्या खोलीत ९७.५. आता जाळीत धूळ बसून रोध ४ झाला असं धरा: ४५ अधिक ६० म्हणजे १०५. स्टीम डेकच्या चिपबद्दल व्हॉल्व्हने सांगितलेले आकडे आठवा. १०० अंशांना ती वेग कमी करते, १०५ला यंत्र बंद पडतं. ‘आपोआप बंद होतं, बॅटरी गेली वाटतं’ ही उन्हाळ्यातली तक्रार बहुतेक वेळा या गुणाकारातली असते.

मोठ्या यंत्रात जाळी मोठी, नळ्या जास्त, पंखा रुंद. समजा रोध २.५. तोच १५ वॅटचा खेळ ४५ अंशांत खेळला तर चिप ८२.५वर राहते. हा खरा फायदा. पण मोठ्या यंत्राची जाहिरात १५ वॅटची नसते, ३० वॅटची असते. २५ अंशांत ३० वॅट म्हणजे बरोबर १०० अंश, कसंबसं बसलं. ४५ अंशांत १०० ओलांडायचं नसेल तर चिपला मिळणार (१०० वजा ४५) भागिले २.५, म्हणजे २२ वॅट. पैसे ३० वॅटचे दिले, उन्हाळ्यात वापरले २२. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, पण गणित प्रत्येक हँडहेल्डला लागू आहे.

त्यात एक दिलासा आहे. चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाने आणि वेगाच्या प्रमाणात वाढते, आणि वेग वाढवायला व्होल्टेजही वाढवावं लागतं. त्यामुळे ढोबळमानाने वीज वेगाच्या घनाने वाढते. उलट बघितलं तर ३० वरून २२ वॅटवर आलं की वेग जेमतेम १० टक्के घटतो. म्हणून वॅटची मर्यादा स्वतःच घालावी. चिपने घाबरून वेग कमी-जास्त केला तर खेळ झटके देतो. आपण आधीच २० किंवा १५ वॅट ठरवून दिले तर तो सरळ चालतो. डेकवर उजवीकडच्या तीन ठिपक्यांच्या बटणाने उघडणाऱ्या मेनूत हे आहे, विंडोजवाल्या यंत्रांत कंपनीच्या ॲपमध्ये. सोबत चित्रांचा वेग सेकंदाला ४० वर बांधा. ४०ला एक चित्र २५ मिलिसेकंद, ६०ला १६.७ आणि ३०ला ३३.३. म्हणजे ४० वेळेच्या हिशेबात बरोबर मधोमध येतो आणि वीज बरीच वाचते. पडदा ४०, ८० किंवा १२० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा नव्याने उमटत, चालत असेल तरच हे नीट दिसतं.

पंख्याचंही थोडं. २५ वॅट बाहेर काढायचे आणि हवा १५ अंशांनी तापू द्यायची, तर सेकंदाला सुमारे दीड लिटर हवा लागते. रुंद पंखा ती सावकाश फिरून देतो, लहान पंख्याला धावावं लागतं. पंख्याचा वेग दुप्पट झाला की आवाज सुमारे १५ डेसिबलने चढतो. लहान यंत्र जास्त ओरडतं ते यामुळे.

बॅटरी बघताना फसवणारा आकडा एमएएच, म्हणजे मिलिअँपिअर-तास. तो व्होल्टेज धरत नाही. स्विच २ची बॅटरी ५,२२० एमएएच, पहिल्या स्टीम डेकची सुमारे ५,२००. सारख्याच वाटतात. पण डेकमध्ये दोन सेल एकापुढे एक जोडलेले, व्होल्टेज ७.७, म्हणून साठा ४० वॅट-तास. स्विच २मध्ये त्याच्या साधारण निम्मा. नेहमी वॅट-तासच विचारा. डेकची नंतरची आवृत्ती डेक ओएलईडी ५०, लिजन गो ४९.२, आसूस कंपनीचा आरओजी ॲलाय ४०, त्याचाच पुढचा ॲलाय एक्स ८०. आता भागाकार करा: चिपचे वॅट, अधिक पडदा-वायफाय-पंख्याचे सहा-सात. १५ वॅटवर डेक ओएलईडी सव्वादोन-अडीच तास. लिजन गोचा पडदा मोठा, पण बॅटरी डेक ओएलईडीपेक्षा किंचित लहानच, आणि वजन ८५४ ग्रॅम. पडद्यात मोठं, पोटात लहान, असं हे उदाहरण. ॲलाय एक्स उलट: पडदा ७ इंचाचाच, वजन ६७८ ग्रॅम, साठा ८०. आपल्याकडच्या भारनियमनात दुसरा प्रकार कामाचा.

भारनियमनावरून पॉवर बँक आलीच. १०,००० एमएएचची बँक म्हणजे ३७ वॅट-तास, त्यातले पोचतात तीसेक. त्यातही तिच्यावर यूएसबी-सी पीडी (पॉवर डिलिव्हरी, सगळ्या कंपन्यांची सामायिक चार्जिंग पद्धत) ४५ वॅट लिहिलेलं हवं. मोबाइलचा ६७ वॅटचा चार्जर लावून ‘चार्जच होत नाही’ म्हणणाऱ्यांनी हे तपासावं. तो वेग कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीचा असतो, इतर यंत्राला तो बऱ्याचदा १५-१८ वॅटच देतो. खेळ २० खातोय आणि चार्जर १५ देतोय, तर टक्के उतरणारच.

चालू खेळात, भर दुपारी, चार्जिंग लावून ठेवणं हा बॅटरी मारण्याचा खात्रीचा उपाय. लिथियम-आयन सेलच्या आत इलेक्ट्रोडवर एक पातळ थर हळूहळू जाड होत जातो आणि लिथियम गिळतो. दर दहा अंशांमागे ही क्रिया साधारण दुप्पट होते, आणि सेल १०० टक्के भरलेला असेल तर आणखी जोरात. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय डेक, ॲलाय, लिजन गो या सगळ्यांत आहे, स्विच २मध्ये ९०च्या आसपास. मार्च ते जून ती चालूच ठेवा.

मागे चिकटवायचे ‘कूलिंग स्टिकर’ आणि ‘अँटी-रेडिएशन चिप’ यांचा इथे काडीचा उपयोग नाही. स्टिकर म्हणजे गरम पाठीवर आणखी एक थर, आणि ज्या वायफायच्या लहरी ती चिप अडवते म्हणतात त्या अडल्या तर गेम डाउनलोडच होणार नाही. फ्रिजमध्ये पाच मिनिटं ठेवण्याची युक्तीही सोडा. बाहेर काढल्यावर आत दव धरतं.

चालतो तो साधा डेझर्ट कूलर. ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर चांगल्या कूलरच्या झोतातली हवा २८-२९पर्यंत येते. खोली त्याहून थोडी गरम राहते, पण ती जितके अंश उतरेल तितकेच अंश चिपही खाली येते. मात्र कन्सोल झोताच्या समोर धरू नका. बोअरच्या जड पाण्याचे तुषार आत गेले की वाळून क्षार उरतात. पाच-सहा फूट बाजूला बसा. जुलैत हवा दमट झाली की कूलरचा हा जोर ओसरतो, पण तोवर बाहेरचा पाराही उतरलेला असतो.

काळ्या मातीची धूळ आणि सोयाबीनच्या मळणीचा भुसा हे जाळीचे शत्रू. महिन्यातून एकदा यंत्र पूर्ण बंद करून मऊ ब्रशने आत हवा घेणारी भोकं झाडा, हाताने दाबायच्या रबरी ब्लोअरने फुंकर मारा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरखाली धरू नका. त्या दाबाने पंखा भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं, आणि टाकीत साठलेलं पाणीही आत जातं. गादीवर किंवा उशीवर यंत्र ठेवून खेळलं तर पाठीमागची भोकं बंद होतात. लोडाला टेकून कोपरं मांडीवर टेकवली तर भोकं उघडी राहतात आणि मनगटावरचा भारही उतरतो.

पैशांचं बोलायचं तर निन्टेंडोची आणि स्टीम डेकची भारतात अधिकृत विक्री नाही. छत्रपती संभाजीनगरच्या पैठण गेटला किंवा ऑनलाइन मिळतो तो बाहेरून आणलेला माल, त्याची वॉरंटी म्हणजे दुकानदाराचा शब्द. आरओजी ॲलाय २०२३मध्ये इथे ६९,९९० रुपयांना आला होता. त्याच वर्षी उष्णतेमुळे त्याचा मेमरी कार्डाचा खाचा बिघडू शकतो, हे कंपनीनेच मान्य केलं होतं. बिल पक्कं घ्या आणि दुरुस्ती कुठे होते ते आधी विचारा.

घेण्याआधी दुकानात जड खेळ २० मिनिटं चालवायला सांगा, तेही एसीच्या झोतापासून दूर. पडद्यावर तापमान आणि वॅटचे आकडे सुरू ठेवा. तापमान वरच्या टोकाला चिकटलंय आणि वॅट उतरत चाललेत, असं दिसलं तर ते यंत्र दुकानातच दमलं. तापमान ७५-८०वर स्थिर, वॅटही स्थिर, तर तुमच्या घरची दुपार त्यात मिळवून बघा: खोली दुकानापेक्षा जितके अंश जास्त गरम, तितके अंश सरळ वाढवा. बेरीज ९५च्या आत बसली तर घ्या.