विद्यापीठ ग्रंथालयातली संशोधन साधनं आणि कार्यशाळा: अर्ज नेमका कुठे अडतो

कार्ड हातात आहे, अनामत भरलेली आहे, आणि तरी घरून शोधनिबंध उघडायला गेलं की 'प्रवेश नाही'. मग माणूस काउंटरवर येऊन तावातावाने विचारतो, "मी सभासद नाही का?" आहात. पण ग्रंथालयाचं सभासद असणं वेगळं आणि ऑनलाइन साधनांचा अधिकृत वापरकर्ता असणं वेगळं. फॉर्मवर हे कुठेच धड लिहिलेलं नसतं आणि बरेचसे अर्ज याच घोळात परत येतात.

छापील पुस्तकं ग्रंथालयाच्या मालकीची असतात. ती कोणाला द्यायची हे ग्रंथालय ठरवतं. ई-जर्नलं आणि डेटाबेस मात्र प्रकाशकाकडून परवान्यावर घेतलेले असतात आणि ते कोणी वापरायचे हे करारातच लिहिलेलं असतं. साधारणपणे त्यात चालू नोंदणी असलेले विद्यार्थी, शिक्षक आणि कर्मचारी येतात. शिवाय बऱ्याच करारांत ग्रंथालयात प्रत्यक्ष येऊन तिथल्या संगणकावर बसणारा वाचकही येतो. माजी विद्यार्थी आणि स्वतंत्र संशोधक घरून वापरासाठी बहुधा बसत नाहीत. समोरचा कर्मचारी कितीही भला असला तरी त्याच्या हातात काही नसतं.

म्हणून या गटातले असाल तर 'दूरस्थ लॉगिन'च्या रकान्यात खूण करू नका. 'ग्रंथालयात बसून वापर' एवढंच मागा. दोन्हीवर खूण केली की एकासाठी अख्खा अर्ज फेटाळला जातो आणि कारण म्हणून 'पात्र नाही' एवढेच दोन शब्द येतात. काही डेटाबेस माजी विद्यार्थ्यांसाठी वेगळी सोय देतात; ती आपल्या विद्यापीठाने घेतली आहे का, हे विचारायला लाजू नका. काहीच जमलं नाही तर 'जेस्टोर' या शोधनिबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर स्वतःचं मोफत खातं उघडून 30 दिवसांत 100 लेखांपर्यंत ऑनलाइन वाचता येतात. डाउनलोड होत नाहीत, पण काम अडून राहत नाही.

तारीख नसलेलं पत्र

ओळखपत्र, फोटो, पत्त्याचा पुरावा यात कोणी अडकत नाही. अडकतात ते पत्रात. पाहुणे संशोधक विभागाकडून पत्र आणतात, त्यावर सही असते, शिक्का असतो, दोन ओळी कौतुकाच्याही असतात. नसते ती 'कधीपासून कधीपर्यंत' ही तारीख. खातं उघडताना संगणक संपण्याची तारीख मागतो आणि ती भरल्याशिवाय पुढे सरकत नाही. 'पुढील आदेशापर्यंत' किंवा 'संशोधन पूर्ण होईपर्यंत' हे त्या रकान्यात बसत नाही. पत्र टाइप होण्याआधीच विभागाच्या लिपिकाला दोन्ही तारखा घालायला सांगा, नाहीतर विभाग आणि ग्रंथालय यांच्यामध्ये हेलपाटे ठरलेले.

पीएचडीच्या विद्यार्थ्यांची गत आणखी वाईट. प्रबंध सादर झाला की बऱ्याच विद्यापीठांत नोंदणीचा प्रकार बदलतो आणि लॉगिन आपोआप बंद पडतं. तोंडी परीक्षा अजून व्हायची असते, परीक्षकांनी सुचवलेल्या दुरुस्त्या करायच्या असतात, म्हणजे साधनांची खरी गरज तेव्हाच असते. ग्रंथालय म्हणतं, नोंदणी विभागाला विचारा. नोंदणी विभाग म्हणतो, लॉगिन ग्रंथालयाचं. या टोलवाटोलवीत कोणी पुरता चुकीचा नसतो, पण भोगतो विद्यार्थी. 'उमेदवाराचं मूल्यांकन सुरू आहे' असं विभागप्रमुखांचं पत्र घेऊन मुदतवाढीचा अर्ज प्रबंध सादर करण्याआधी द्या. चालू खात्याची तारीख पुढे ढकलणं सोपं असतं. बंद पडलेलं खातं बहुधा नव्या अर्जदारासारखं पहिल्यापासून उघडावं लागतं.

नावाचंही तसंच. ग्रंथालयाची यादी नोंदणी विभागाच्या नोंदीवरून येते. लग्नानंतर आडनाव बदललं, किंवा कुठे आधी नाव आणि कुठे आधी आडनाव, असं असेल तर दुरुस्ती नोंदणी विभागात करून घ्या. ग्रंथालयात कितीही अर्ज दिले तरी यादी पुन्हा आली की जुनंच नाव परत येतं. फॉर्मवर 'ऑर्किड' क्रमांक, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा कायमचा ओळख क्रमांक, मागितला असेल तर तो फुकट आणि काही मिनिटांत मिळतो. सोळा स्थानांच्या या क्रमांकात शेवटी कधी कधी अंकाऐवजी 'एक्स' असतो. ती चूक नाही, क्रमांक तसाच असतो. फॉर्म फक्त अंक घेत असेल तर दोष फॉर्मचा. स्क्रीनशॉट काढून ग्रंथालयाला पाठवा.

लॉगिन मिळालं, तरी उघडत नाही

शोधयंत्रातून थेट प्रकाशकाच्या पानावर गेलात तर त्याला तुम्ही कोण हे कळत नाही आणि तो पैसे मागतो. ते पैसे भरू नका. ग्रंथालयाच्या पानावरून आत शिरा, किंवा गूगल स्कॉलर या शोधनिबंधांच्या शोधयंत्राच्या सेटिंगमध्ये 'लायब्ररी लिंक्स'खाली आपलं विद्यापीठ जोडून घ्या. आणि एकदम शेकडो लेख उतरवणारी स्क्रिप्ट चालवू नका. प्रकाशक ती ओळखतो आणि कधी कधी सगळ्या विद्यापीठाचाच प्रवेश तोडतो. मजकुराचं संगणकीय विश्लेषण करायचं असेल तर त्याची परवानगी वेगळी असते, ती आधी मागा.

आंतरग्रंथालयीन देवघेव

आपल्याकडे नसलेला लेख किंवा पुस्तक दुसऱ्या ग्रंथालयातून मागवायची ही सोय. उत्तम सोय आहे, आणि तिच्या फॉर्मवरच सगळ्यात जास्त घोळ होतो. त्यात एक रकाना असतो: 'या तारखेनंतर नको'. लोक तिथे आजची तारीख घालतात, कारण बाकी प्रत्येक सरकारी कागदावर आजचीच तारीख घालायची सवय झालेली असते. परिणाम असा की मागणी संध्याकाळी आपोआप रद्द होते आणि अर्जदार पुढचे कित्येक दिवस वाट बघत बसतो. त्या रकान्यात, ज्या दिवसानंतर लेख आला तरी तुमच्या उपयोगाचा नाही, ती तारीख हवी. घाई नसेल तर ऐसपैस पुढची घाला.

मागणी परत येण्याचं दुसरं कारण म्हणजे तो लेख आपल्याच ग्रंथालयात असणं. यादीत जर्नल दिसतं, पण ताजी वर्षं उघडत नाहीत, असंही होतं. काही संग्रहांत अलीकडचे अंक ठरावीक काळ मुद्दाम बंद ठेवलेले असतात. तसं असेल तर शेऱ्यात स्पष्ट लिहा: 'जर्नल आहे, पण हवं ते वर्ष उपलब्ध नाही.' ही एक ओळ नसली की कर्मचारी यादी बघतो, 'उपलब्ध' असा शिक्का मारतो आणि विषय संपतो. लेखाचा डीओआय, म्हणजे त्या लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक, असेल तर तो द्याच. अर्धवट संदर्भावर कोणी शोधाशोध करत बसत नाही. आणि अख्ख्या पुस्तकाचं स्कॅन मागू नका. कॉपीराइटमुळे सहसा एक प्रकरण किंवा एक लेख एवढंच मिळतं.

कार्यशाळा

झोटेरो किंवा एंडनोट ही संदर्भ सांभाळणारी सॉफ्टवेअर वापरणं, डेटाबेसमध्ये शिस्तीत शोध घेणं, डेटा व्यवस्थापनाचा आराखडा लिहिणं, असे विषय असतात. नोंदणी एका क्लिकची. फक्त आलेला ईमेल शेवटपर्यंत वाचा: 'नोंद मिळाली' म्हणजे जागा मिळाली असं नाही, प्रतीक्षा यादीतल्यांनाही तोच मजकूर जातो. प्रमाणपत्र लागणार असेल तर ते हजेरीवर मिळतं, नोंदणीवर नाही. ऑनलाइन सत्रात खात्याचं नाव टोपणनावाचं असेल तर हजेरी लागत नाही. आत शिरताना नोंदणीतलंच नाव घाला. सॉफ्टवेअर आदल्या दिवशी लॅपटॉपवर टाकून ठेवा, नाहीतर सगळ्यांचा पहिला तास त्यातच जातो.

ग्रंथपालांशी स्वतंत्र भेटीची सोयही बहुतेक ठिकाणी असते आणि माझ्या मते ती कार्यशाळेपेक्षा जास्त उपयोगी. फॉर्मवर 'आतापर्यंत काय शोधलं' असा रकाना असतो. तो रिकामा सोडला की अर्ज परत येतो. दोन डेटाबेसांची नावं आणि वापरलेले शब्द लिहिले तरी पुरे.

साहित्यचौर्य तपासणी हीच खिडकी करत असेल तर एक खबरदारी घ्या. कच्चा मसुदा तपासताना तो सॉफ्टवेअरच्या संग्रहात जमा होऊ देऊ नका. जमा झाला, तर अंतिम प्रबंध तुमच्याच मसुद्याशी जुळतो, टक्केवारी आभाळाला भिडते आणि मग स्पष्टीकरण लिहीत बसावं लागतं. 'संग्रहात ठेवू नये' हा पर्याय तपासणाऱ्याला निवडायला सांगा, तोही लेखी.

हस्तलिखितं आणि दुर्मिळ संग्रह

इथे कार्ड पुरत नाही, परिचयपत्र लागतं. 'ज्याच्याशी संबंधित असेल त्याला' छापाचं पत्र चालेलच असं नाही. कोणता संग्रह, कोणते क्रमांक आणि कशासाठी, हे त्यात हवं. पेट्या बऱ्याचदा दुसऱ्या इमारतीतून आणाव्या लागतात, म्हणून आधी वेळ ठरवा. आत फक्त पेन्सिल चालते. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात बाहेरच्या वाचकाला आत आग किंवा ज्योत पेटवणार नाही, अशी शपथ आजही मोठ्याने वाचावी लागते. तेव्हा पेन्सिलीवरून कुरकुरू नका. मोबाइलने फोटो काढायची परवानगी मात्र वेगळ्या फॉर्मवर असू शकते. तो पहिल्या भेटीतच भरा, कारण सही करणारे अधिकारी रोज जागेवर असतीलच असं नाही.