‘गीत-संगीत : पारंपरिक’ या ओळीमागचा इतिहास

लोकगीताची नवी आवृत्ती आली की पहिला आक्षेप वाद्यांवर येतो. संबळाच्या जागी ऑक्टोपॅड, तुणतुण्याच्या जागी कीबोर्ड, लय दुप्पट. हा आक्षेप समजण्यासारखा असला तरी इतिहासात फार टिकत नाही. लोककलांच्या फडात आज अस्सल वाटणारी पेटी एकोणिसाव्या शतकात युरोपातून आली. १९४० मध्ये नभोवाणीने ती ‘आपली नाही’ म्हणून दूर ठेवली आणि ती बंदी सैल व्हायला १९७०चे दशक उजाडले. तोवर शाहिरांनी पेटीला कधीच आपलेसे केले होते.

खरे बदल या नव्या वाद्यांच्या आधी झाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रामोफोन आला. त्याच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. रात्रभर चालणारा गोंधळ किंवा तासभराचा पोवाडा तीत मावणे शक्यच नव्हते. गण, आवाहन, मधला निरूपणाचा भाग कापला गेला आणि ध्रुवपद तेवढे उरले. पुढे पिठाची गिरणी आली, जाते थांबले. विहिरींवर इंजिने बसली, मोटेची गाणी थांबली. ओवीला वाद्य नव्हते, जात्याची घरघर हाच तिचा ठेका. दोघी दळायला बसल्या की एकीने ओढलेली ओळ दुसरीने उचलायची, आणि मध्येच कुणीतरी स्वतःच्या भावाचे, लेकाचे नाव गुंफायचे. ते काम संपल्यावर ओवी रंगमंचावर आली तेव्हा तिला केहरवा तालात बसवणे भागच पडले. या टप्प्यावर नव्या संगीतकारांना सरसकट दोष देणे मला पटत नाही.

दोष सुरू होतो तो कॅसेटच्या काळात. १९८०च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि कोळीगीते, भीमगीते, देवीची गाणी, लग्नगीते यांची बाजारपेठ उभी राहिली. जत्रेत, रिक्षात, लग्नाच्या मांडवात तीच गाणी वाजू लागली. वेष्टनावर मात्र बऱ्याचदा एकच ओळ असे : ‘गीत-संगीत : पारंपरिक’. खाली संगीत संयोजकाचे आणि गायकाचे नाव. ज्या बाईकडून किंवा गोंधळ्याकडून चाल घेतली, त्यांचे नाव नाही, त्यांच्या गावाचेही नाही.

श्रेयाची ही गफलत दोन उलट प्रकारांनी झाली. एकीकडे खरोखर लोकांची असलेली चाल घेऊन, दोन शब्द बदलून तिच्यावर स्वतःचे नाव लावले गेले. दुसरीकडे हयात कवीने लिहिलेले गाणे लोकप्रिय झाले की त्याला ‘पारंपरिक’ म्हणून मानधन टाळले गेले. आज कोळीगीत म्हणून पाठ असलेली काही गाणी नागर कवींनी लिहिली आणि मुंबईच्या स्टुडिओत मुद्रित झाली, हे ऐकणाऱ्या कितीतरी लोकांना माहीत नसते. वाड्या-वस्त्यांवरच्या लिहिणाऱ्यांची नावे तर त्याहून सहज पुसली गेली.

परंपरेत नाव नसतेच, हा बचाव नेहमी केला जातो आणि तो चुकीचा आहे. एकनाथांच्या भारुडाच्या शेवटी ‘एका जनार्दनी’ ही त्यांची नाममुद्रा आहे. लावणी-पोवाड्याच्या अखेरच्या कडव्यात शाहीर स्वतःचे, कधी गुरूचे नाव घेतो. तबकडीत मावले नाही म्हणून कापले गेले ते बहुधा हेच कडवे.

कायदा इथे फार मदतीचा नाही. १९५७चा कॉपीराइट कायदा लेखक गृहीत धरतो, त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क देतो. लेखक अज्ञात आणि रचना पिढ्यान्‌पिढ्यांची असेल तर मूळ गाण्याला मालकच उरत नाही, पण त्याच्या नव्या ध्वनिमुद्रणाला मात्र प्रकाशनापासून ६० वर्षांचे संरक्षण मिळते. २०१२च्या दुरुस्तीने हा विरोधाभास आणखी ठळक केला. कॉपीराइट असलेल्या गाण्याची नवी आवृत्ती मालकाच्या परवानगीशिवाय पहिल्या मुद्रणानंतर पाच वर्षे काढता येत नाही, आणि नंतरही शब्द-चालीत मनमानी फेरफार चालत नाहीत. सिनेगीताला लाभलेले हे कवच ओवीला नाही. सादरकर्त्यांचे हक्क १९९४ पासून कायद्यात आहेत, पण ते ज्याचा आवाज मुद्रित झाला त्याचे. चाल शिकवणारी आजी त्यात बसत नाही.

अमूर्त वारशाच्या जतनाचा २००३चा आंतरराष्ट्रीय करार भारताने २००५ मध्ये स्वीकारला. त्यात समाजाच्या सहभागाची भाषा आहे, मालकीची नाही. दरम्यान गाणी व्हिडिओच्या मंचांवर गेली. तिथे कोणते गाणे कुणाच्या मुद्रणाशी जुळते हे यंत्र ठरवते, त्यामुळे लोकधून वापरलेल्या घरगुती मुद्रणावरही एखाद्या कंपनीचा दावा लागू शकतो. तो खोडायचा तर ऑनलाइन हरकत नोंदवा, मुदत पाळा, धून कुणाचीच नाही हे पटवून द्या. जत्रेतल्या पथकाला हे कोण शिकवणार?

नाव नोंदवणे अशक्य होते, असे मात्र कुणी म्हणू नये. १९८०च्या दशकात सुरू झालेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या एका संग्रहात लाखावर ओव्या जमल्या आहेत, आणि तिथे ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव दिले जाते. हे काम थोड्या माणसांनी, कॅसेट धंद्याच्या तुलनेत फार कमी पैशांत केले. त्याच वर्षांत बाजारातल्या वेष्टनांवर ‘पारंपरिक’ छापले जात होते.