मीटर बदललं आणि गाडी सुरूच होईना

दहा-बारा वर्षं जुन्या फोक्सवागन पोलोच्या मीटरचा डिस्प्ले गेला, की नव्या मीटरची किंमत ऐकून मालक जुन्या सुट्या भागांच्या बाजाराची वाट धरतो. हुबेहूब तसंच मीटर मिळतं. दोन-चार स्क्रू, मागे एक कपलर, काम पाच-दहा मिनिटांचं. किल्ली फिरवली की इंजिन सुरू होतं, सेकंद-दोन सेकंद चालतं आणि बंद पडतं. मीटरवर इम्मोबिलायझरचा, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा, दिवा लुकलुकत राहतो. बॅटरी चांगली, टाकीत पेट्रोल, वायरिंग जागच्या जागी, आणि तरी पुन्हा पुन्हा तेच.

पद्मिनी-अँबॅसेडरच्या काळात असं झालं नसतं. गिअरबॉक्समधून आलेली केबल मीटरच्या आत एक चुंबक फिरवत असे आणि त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची वाटी असे. ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही, पण चुंबक फिरू लागला की त्या धातूत भोवरा-प्रवाह, म्हणजे गोल फिरणारे विद्युतप्रवाह, तयार होतात आणि वाटी चुंबकामागे ओढली जाते. बारीक स्प्रिंग तिला धरून ठेवते. वेग वाढला की ओढ वाढते आणि काटा पुढे सरकतो. जर्मनीत ओटो शुल्झ यांनी १९०२ मध्ये या रचनेचं पेटंट घेतलं आणि पुढे कितीतरी दशकं जगभरच्या गाड्यांची मीटरं तिच्यावरच चालली. किलोमीटरचे आकडेही त्याच केबलवर, दातेरी चाकांनी पुढे सरकत. ते मीटर काढून दुसरं लावलं तरी इंजिनाला त्याचा पत्ताही लागत नसे.

आता केबल गेली. चाकांचा वेग एबीएसचे (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) सेन्सर मोजतात, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) आणि तापमान इंजिनाचा संगणक सांगतो, आणि हे सगळं पीळ घातलेल्या दोन तारांवरून मीटरकडे येतं. बॉश कंपनीने १९८६ मध्ये मांडलेली ही ‘कॅन’ पद्धत. तारा शांत असताना दोन्हींवर साधारण अडीच व्होल्ट असतात. संदेश जाताना एक साडेतीनच्या आसपास चढते, दुसरी दीडपर्यंत उतरते. बाहेरची विद्युत खरखर दोन्ही तारांवर सारखीच येते, त्यामुळे त्यांच्यातला फरक शाबूत राहतो आणि संदेश बिघडत नाही. मीटरमधला प्रोसेसर तो वाचून छोट्या स्टेपर मोटरने, म्हणजे टप्प्याटप्प्याने फिरणाऱ्या मोटरने, काटा फिरवतो. म्हणजे मीटर हा गाडीतल्या अनेक संगणकांपैकी एक संगणक आहे, आणि पोलोसारख्या गाडीत पहारेकऱ्याचं कामही त्याच्याकडेच दिलेलं आहे.

हा पहारा असा चालतो. किल्लीच्या प्लॅस्टिकमध्ये एक चिप असते. तिला बॅटरी लागत नाही; इग्निशन लॉकभोवतीच्या वेटोळ्यातून निघणाऱ्या १२५ किलोहर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्रातूनच तिला वीज मिळते. मीटर तिला एक आकडा पाठवतं, ती आपल्या गुप्त संकेताने त्याचं उत्तर काढून परत देते. उत्तर बरोबर असेल तरच पुढे मीटर आणि इंजिनाचा संगणक एकमेकांची ओळख पटवतात. परकं मीटर इथेच अडतं. त्याला ही किल्लीही माहीत नाही आणि हे इंजिनही. मग संगणक इंधन तोडतो. चोराने मीटर बदलून गाडी पळवू नये म्हणूनच ही योजना आहे, आणि ती चोख काम करते आहे.

दुसरा प्रश्न मला याहून गंभीर वाटतो, कारण तो मुकाट्याने घडतो. मीटरच्या सर्किट बोर्डवर बऱ्याचदा आठ पायांची, तांदळाच्या दाण्याएवढी एक चिप असते: ईईप्रॉम. गाडीचं रनिंग, म्हणजे ती एकूण किती किलोमीटर चालली तो आकडा, तिच्यात लिहिलेलं असतं. तिच्या प्रत्येक कप्प्यात इलेक्ट्रॉन विद्युतरोधक थराआड कोंडून ठेवलेले असतात, म्हणून बॅटरी काढली तरी आकडा पुसला जात नाही. मात्र प्रत्येक नव्या लेखनाबरोबर तो थर थोडा झिजतो. अशा चिपचा कप्पा साधारण एक ते दहा लाख वेळा लिहिता येतो. दर किलोमीटरला एकाच कप्प्यात लिहिलं असतं तर लाखभर किलोमीटरनंतर काही चिपा धोक्यात आल्या असत्या. म्हणून आकडा वेगवेगळ्या कप्प्यांत आळीपाळीने, एकाहून अधिक प्रतींत लिहितात.

जुनं मीटर विकत घेतलं की हा आकडाही सोबत येतो. तुमची गाडी १,४०,००० किलोमीटर चाललेली आणि मीटर ६०,००० चालल्या गाडीचं असेल, तर गाडी क्षणात ‘तरुण’ दिसू लागते. टायमिंग बेल्ट कधी बदलायचा हे ज्या आकड्यावर ठरतं तोच खोटा ठरतो, आणि पुढचा खरेदीदार फसतो. बीएमडब्ल्यूच्या ई४६ पिढीत हाच आकडा दिव्यांच्या मॉड्यूलमध्येही ठेवलेला असतो. दोन्हींचा मेळ बसला नाही की आकड्याशेजारी एक ठिपका उजळतो. अमेरिकेत तर नव्या मीटरवर खरा आकडा आणता येत नसेल, तर तो शून्यावर ठेवून आधीच्या रनिंगची नोंद चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवावी असा केंद्रीय कायदाच आहे. आपल्याकडेही मालकाने मीटर बदलल्याची तारीख आणि दोन्ही आकडे सर्व्हिस बुकात स्वतःहून लिहावेत असं मला मनापासून वाटतं.

बाकी जुळवाजुळव त्या मानाने सोपी, पण विसरण्यासारखी नाही. डिझेलचं मीटर पेट्रोलच्या गाडीला लावलं तर आरपीएमची लाल रेघ चुकीच्या जागी येते. टाकीतली इंधनाची पातळी मोजणाऱ्या फ्लोटचा विद्युतरोध मॉडेलनुसार बदलतो. तो जुळला नाही तर अर्धी टाकीही भरलेली दिसते. वेग मात्र बहुतेक मीटर थोडा वाढवून दाखवतात. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमाप्रमाणे खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायला बंदी आहे आणि वाढवून दाखवायला जास्तीत जास्त खऱ्या वेगाचे दहा टक्के आणि वर ताशी चार किलोमीटर एवढी सवलत. खरा वेग १०० असताना काटा ११४ वर असला तरी मीटर नियमात बसतं.

म्हणून डिस्प्ले गेला तर आधी मीटर दुरुस्त करणाऱ्याकडे जा. सुटलेला सोल्डर, डिस्प्लेची पट्टी किंवा एखादी स्टेपर मोटर बदलून ते पुष्कळदा पूर्ववत होतं, आणि किल्ली, इंजिन, रनिंग यांतलं काहीच हलत नाही. दुसरं मीटर घ्यावंच लागलं, तर त्याच मॉडेलचं आणि त्याच इंजिनाचं घ्या, आणि जुनं मीटर दुकानदाराला देऊन टाकू नका. डिस्प्ले मेला तरी ईईप्रॉम बहुधा शाबूत असते. जाणकार तंत्रज्ञ तिच्यातली माहिती वाचून नव्याने आणलेल्या मीटरमध्ये उतरवतो. मग गाडी जुन्या किल्लीने सुरू होते, आणि आकडाही तिचा स्वतःचा असतो.