सोडा-व्हिनेगरने सिंक मोकळं होत नाही
सिंक तुंबलं की खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर ओता, हा तोडगा मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतोय. फेस दिसतो खरा, पण तो निव्वळ कार्बन डायऑक्साइड. वरच्या वर निघून जातो, अडकलेल्या गाळावर दाब येतच नाही. मागे उरतं सोडियम अ‍ॅसिटेट आणि पाणी. 84 ग्रॅम सोड्याला व्हिनेगरमधलं 60 ग्रॅम अ‍ॅसिटिक आम्ल लागतं, म्हणजे 4 टक्क्यांचं व्हिनेगर तब्बल दीड लिटर! तेलाचा थर मात्र जागच्या जागी.

त्यापेक्षा सिंकखाली बादली ठेवा, ट्रॅप (सिंकखालचा गाळ साचणारा भाग) हाताने फिरवून काढा, गाळ खरवडा. बसवताना रबरी वायसर तिरकं राहिलं तर गळणारच. आधी कॉस्टिकची (तुंबलेलं सिंक मोकळं करायची दाहक) पावडर ओतली असेल तर ट्रॅप उघडू नका. ते पाणी कातडी भाजतं.