मळी कधी काढायची? (६० लिटरची काहिल नेणाऱ्यांसाठी)

दिवाळीनंतर चरक सुरू झाले की आमच्याकडचे फोनही सुरू होतात. काकवी काळपट झाली, तळाला कचकच लागते, काहिल बदलून द्या. बदलून द्यायला आमची ना नाही, पण दोष बहुतेक वेळा काहिलीत नसतो. झारा उशिरा फिरलेला असतो. निपाणी-चिकोडीकडच्या गुऱ्हाळांवर हे बघायला गुळव्या असतो. तुमच्या परड्यात तो नाही, म्हणून हा कागद.

इथे मळी म्हणजे रस तापताना वर येणारा घाण फेस. साखर कारखान्यातली, स्पिरिटला जाणारी मळी वेगळी. उसाच्या रसात मेण, चिकट द्रव्यं, चिपाडाचे बारीक तंतू, माती आणि थोडी प्रथिनं असतात. आच लागली की प्रथिनं गोठतात, बाकीचा कचरा पकडतात आणि हवेच्या बुडबुड्यांबरोबर वर येतात. बिअर करणारेही मॉल्टचा रस उकळताना असाच फेस काढतात, पण त्यांनी नाही काढला तरी फारसं बिघडत नाही. गाळ तळाला बसतो आणि वरचं तेवढं ओतून घेता येतं. आपल्याकडे ओतून घ्यायचं काही नसतं. काहिलीत राहिलं ते ढेपेत आलं.

रस काढला की लगेच, दुहेरी फडक्यातून गाळून काहिलीत घ्या, ४० लिटरच्या वर नको. रानभेंडीची ८० ते १०० ग्रॅम ताजी खोडं ठेचून पाण्यात चोळा, तार सुटेल असं चिकट पाणी निघेल. रस कोमट असताना त्यातलं निम्मं घाला. चुन्याची निवळी घालायची तर अगदी बेताची, जास्त झाली की गूळ काळा.

आता मुख्य गोष्ट. ८० अंशांच्या पुढे वर हिरवट-काळी, जाड साय धरते. लगेच झारा घालू नका. ८५ अंशांच्या आसपास ती फुगते, काठाकडून तडे जातात आणि तड्यांतून पांढरे बुडबुडे डोकावू लागतात. हीच वेळ. जाळ ओढून घ्या. मळी काढायला मिळतात ती एवढीच चार-पाच मिनिटं. रस खळखळून उकळला की साय फुटून आत मिसळते, मग कुठल्याच झाऱ्याला ती सापडत नाही. आमच्याच पहिल्या प्रात्यक्षिकात नेमका याच वेळी फोन आला. परत येईपर्यंत रस उतू जाऊन चुलवाणात, आणि उरलेल्याचा जो गूळ झाला तो आम्ही कोणाला दाखवला नाही.

झारा आडवा धरून वरच्यावर सरकवा, ढवळू नका. काठावर टेकवून रस निथळू द्या, मगच मळी बादलीत टाका. राहिलेलं भेंडीचं पाणी घालून पुन्हा जाळ वाढवा. दुसरी मळी पातळ, पिवळसर येईल, तीही काढा. त्यानंतर येतो तो स्वच्छ पांढरा फेस. तो मळी नव्हे. तोही काढत बसलात तर नुसती साखर बादलीत जाते. उतू जाईल असं वाटलं तर शेंगतेलाचे चार थेंब टाका, खाली बसतो.

हाताखालचा माणूस कन्नड बोलणारा असेल तर ‘नोरे’ म्हटलं की त्याला कळतं, पण नोरे म्हणजे सगळाच फेस. कोणता काढायचा ते एकदा दाखवूनच द्या. पाठीमागे हाच मजकूर कन्नडमध्ये छापलाय.

पुढचं सोपं आहे. १०५-१०६ अंशांना काकवी उतरवा, गूळ हवा असेल तर ११८. ४० लिटर रसाला सात-आठ किलो गूळ धरा. बादलीतली मळी तासाभरातच माश्या ओढते, ती उकिरड्यात पुरा.

झारा मात्र वाळू देऊ नका, गरम पाण्यात लगेच बुडवा. भोकं बुजली असतील तर तारेने टोकरू नका, मोठी होतात आणि मळी खाली गळते. दुकानात आणून द्या, साफ करून देऊ, पैसे घेत नाही.