वाइन आधी आली, कुंपण नंतर

जत्रेतल्या मराठी नाटकाची पत्रकं छापायला फोंड्यात किंवा म्हापशात गेलात, तर एखाद्या डीटीपीवाल्याकडे पानं जुळवायचं पेजमेकर अजून निघेल. त्याची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, २००१ सालची. सोबत युनिकोड ही सर्वमान्य अक्षरसंकेत पद्धत रुळण्याआधीचे मराठी फॉन्ट आणि वर्षानुवर्षांच्या फायली. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि जुन्या पीसीवर विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम घालायचा विषय निघू लागला. मग पेजमेकरचं काय? लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारी वाइन आहे की! हे उत्तर अर्धंच बरोबर आहे.

वाइनचं काम १९९३ मध्ये सुरू झालं. १९९४पासून धुरा अलेक्झांडर ज्युलियार यांच्याकडे, १.० आवृत्तीला २००८ उजाडलं. वाइन वेगळं यंत्र उभं करत नाही. प्रोग्रॅम विंडोजकडे जे मागतो, ते ती लिनक्सकडून करून घेते. विंडोजचा प्रोग्रॅम घरच्यासारखा वावरावा हाच मूळ हेतू, त्याला कोंडून ठेवणं कुणाच्या मनातही नव्हतं. होम फोल्डरमधल्या लपलेल्या '.वाइन' फोल्डरात 'डॉसडिव्हायसेस' उघडा. 'झेड:' नावाची लिंक दिसेल. ती थेट लिनक्सच्या रूटला, म्हणजे सगळ्या फोल्डरांच्या मुळाशी जाते. गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हवरून आलेलं, फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं रॅन्समवेअर वाइनमध्ये चाललंच, तर तुम्हाला जी फाइल बदलता येते, ती त्यालाही बदलता येते.

झेड काढला की झालं, असं सांगणारे पुष्कळ. विनट्रिक्स या वाइनच्या मदतनीस स्क्रिप्टमधली 'सँडबॉक्स' सोयही झेड काढते, होमकडे जाणाऱ्या लिंका तोडते. अपघात टाळायला ठीक. पण वाइनमधला प्रोग्रॅम लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, थेट हाक मारू शकतो. त्याला ड्राइव्हचं अक्षर लागतच नाही.

खरं कुंपण आलं दुसऱ्याच घराण्यातून. १९७९च्या युनिक्समधला, प्रोग्रॅमला एका फोल्डरालाच रूट मानायला लावणारा सीएचरूट हा त्याचा पूर्वज. लिनक्समध्ये २००२ला माउंट नेमस्पेस, म्हणजे प्रोग्रॅमला फायलींचं वेगळं चित्र दाखवायची सोय, आले आणि २०१३च्या ३.८ कर्नलपासून साध्या यूजरलाही स्वतःचा नेमस्पेस काढता येऊ लागला. फायरजेल, बबलरॅप, फ्लॅटपॅक ही प्रोग्रॅमभोवती कुंपण घालणारी साधनं सगळी नेमस्पेसवरच उभी. म्हणून फ्लॅटपॅकमधून घेतलेल्या बॉटल्स या वाइन चालवणाऱ्या ॲपला परवानगी दिलेल्या फोल्डरांपलीकडचं दिसत नाही. परवानगी 'सगळं होम' अशी दिलीत, तर मात्र पुन्हा पहिले पाढे.

जुन्या फॉन्टांना डोंगल, म्हणजे परवान्याची यूएसबी चावी, लागत असेल, तर वाइन बहुधा तिथेच अडते, कारण डोंगलचा ड्रायव्हर खऱ्या विंडोजच्या कर्नलसाठी लिहिलेला असतो. अशा वेळी २००७ मध्ये लिनक्सच्या कर्नलात आलेलं, पीसीच्या आत दुसरा पीसी चालवणारं केव्हीएम घ्यावं: व्हर्च्युअल मशीनमध्ये जुनं विंडोज, डोंगलचा यूएसबी त्याच्याकडे, नेटवर्क बंद. रॅम थोडी जास्त लागेल.